कॅसेटातली पोरगी

"ओ मामा, ह्या कॅसेटातली पोरगी जित्ती हाय का मेली?"

प्रश्न संघप्रियाचा नव्हताच. तो तिच्या वर्गातल्या नुजहत आणि अक्काताईनं मिळून तयार केला होता, उसाच्या रसाच्या एका मोठ्या ग्लासाची पैज लावून, आणि पाठीत ढोसून ढोसून तिला पेठ वडगावच्या एसटी स्टँडबाहेर त्या रिक्षापुढं उभं केलं होतं. तिच्या काखेत चषक होता. वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर, अख्ख्या जिल्ह्यातल्या नववी-दहावीच्या पोरापोरींत. सकाळी सभागृहात माइक तिच्या उंचीला आला नव्हता, तर तिनं तो सरळ बाजूला सारला होता आणि नुसत्या गळ्यावर मागच्या बाकापर्यंत पोचली होती. परीक्षक मान डोलवत होते. वर्षभरापूर्वी हीच संघप्रिया कुरणे हजेरीला 'हजर' म्हणताना सुद्धा पुढच्या बाकाच्या पाठीला चिकटायची, हे आज कुणाला खरं वाटलं नसतं. तिला स्वतःलाच वाटत नव्हतं. "एवढी वक्ता झालीयास," अक्काताई म्हणाली होती, "आन् एका रिक्षावाल्याला इचारायला टरकतीस व्हय?" अक्काताईचं आजोळ वडगावजवळच. तिकडच्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं म्हणे, की नवरंग ड्रेसेसच्या जाहिरातीच्या कॅसेटमध्ये जी बारकी पोरगी ओरडते ती कधीच मेलेली आहे. आणि तिचा आवाज तेवढा रिक्षातनं गावोगाव हिंडतो. "मग? इचार की." "विचारतो की, त्यात काय!" संघप्रिया म्हणाली होती, आणि विचारून बसली होती.

रिक्षावाला सीटवर पाय वर घेऊन डबा खात होता. टपावर दोन कर्णे, मागं हिरव्या रंगात दुकानाचं नाव. वय झालेलं, मिशी पिकलेली, कानात लोकरीचा बोळा. त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि जणू एसटीची वेळ सांगावी तसं म्हणाला, "मेली की. कवाच."

मागं नुजहत फिस्सकन हसली. तेवढ्यात त्यानं डाव्या हातानं बटण दाबलं, पोरींना गंमत दाखवावी म्हणून असेल, आणि वरच्या कर्ण्यातून ती बोलली.

"आई, बला दवीद फ्रॉक घे की! लाल फ्रॉक! बागच्या दिवाळीला पद घेतला दाहीस!"

संघप्रियाच्या काखेतला चषक घसरला. मला नवीन फ्रॉक. मागच्या दिवाळीला पण घेतला नाहीस. तोंडात गरम बटाटा धरून कुणी बोलावं तसा जाड, गच्च आवाज, 'म'चा 'ब' झालेला, 'न'चा 'द' झालेला, कारण नाकाचं दार आतून कायमचं लावलेलं. हा आवाज तिला ओळखायची गरजच नव्हती. तो सकाळी तिच्या वेणीला लोंबकळत "ताई, बला पद दे" म्हणाला होता. हा दीप्तीचा आवाज होता. तिच्या सहा वर्षांच्या बहिणीचा. दीप्ती आत्ता कोल्हापुरात, कसबा बावड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत, आईच्या शिलाई मशीनखाली चिंध्यांत खेळत असणार होती. आणि ती इथं कर्ण्यात ओरडत होती. 'लाल'वर टेप झिजली होती, तिथं आवाज एकाएकी खाली जायचा, विहिरीत कुणी तिचे पाय धरून ओढावेत तसा, आणि मग परत वर यायचा: "फ्रॉक!"

"किती जुनी आहे ही टेप?" तिनं विचारलं. पैजेत हा प्रश्न नव्हता.

"नऊ वर्सं झाली असतील, धा धर." म्हणजे दीप्ती जन्मलीसुद्धा नव्हती. संघप्रियाला पहिल्यांदा बरं वाटलं, आणि लगेच जास्तच वाईट वाटलं. रिक्षावाल्याचं नाव पिराजी. त्याला ऐकणारं कुणीतरी मिळालं होतं, आता तो थांबणार नव्हता. "बसा की पावणं, उन्हात का हुबा ऱ्हायलाय? तर ही टेप केली तवा मी तितंच हुतो. दुकानवाल्या दिलदारशेठच्या गोडाऊनमदी, आवाज घुमू ने म्हणून सगळीकडनं गाद्या लावलेल्या. पोरगी एवढीशी, स्टुलावर हुबी केलती. एका दमात बोलली. मग उन्हाळ्यात तिचं आपरेशन केलं. घशाचं, टानसिल. त्यातनं आलीच न्हाय ती."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? म्होरच्या दिवाळीला शेठनं परत बोलावलं, तर बाप आला की तिचा, संगट दुसरीच पोरगी घिऊन. म्हणतोय, हीच ती. अरं, आमी काय बहिरं हाय व्हय? आमी तोंडं बघत न्हाय बाई, आमी आवाज वळखतो. जलम ह्यात गेला. ही बारीक बोलत हुती, नाकातनं, मांजराच्या पिल्लावानी. मेल्या लेकीच्या जागंला दुसऱ्याची पोर आणून हुबी केलती बाबानं. काय बोलायचं? दुःखानं मानूस येडं हुतंय. शेठनं तिच्या हातावर बर्फी ठिवली आन् म्हटलं, जावा." त्यानं डबा पुसला. "मग दोन नव्या पोरींच्या टेपा केल्या. बाया वळून बघीनात. हिचा आवाज लागला की मातूर बाया पोरांचं हात गच्च धरत्यात आन् दुकानात शिरत्यात. कशानं, ते मला इचारू नगा."

"नाव काय होतं तिचं?"

"नाव कुनाला म्हाईत. आमी लाल फ्रॉक म्हणतो तिला."

रस तिनं जिंकला होता, पण तो निम्मा नुजहतनं प्याला. बसमध्ये दोघी मागच्या बाकावर "बला दवीद, बला दवीद" करत खिदळत होत्या. संघप्रिया खिडकीशी चषक मांडीत घेऊन बसली होती, आणि तिच्या जिभेवर बर्फी होती. खरंच होती. पिस्ता नसलेली, नुसती हिरवी, वरचा वर्ख टाळ्याला चिकटलेला. वर्ख काढायला तिनं जीभ मागं नेली, तर मागं काहीच नव्हतं. मागं मोकळी, गार जागा होती. ही आठवण तिला आत्तापर्यंत कधीच आली नव्हती. आठवणीत कुठलं घर नव्हतं, कुणाचा चेहरा नव्हता, फक्त भिंतीला लावलेल्या गाद्या होत्या, फुलाफुलांच्या, आणि कुणीतरी मोठं माणूस दुसऱ्या मोठ्या माणसाला हळू म्हणत होतं, जावा. हायवेचा फाटा गेला, उसाच्या ट्रॉल्या गेल्या, आणि तिनं आपल्या डोक्यात आणखी मागं जायचा प्रयत्न केला. जाता येत नव्हतं. हे तिला नवीन नव्हतं. नुजहतला तिसऱ्या वर्षी पाळण्यातून पडल्याचं आठवायचं, अक्काताईला तर काय काय आठवायचं. संघप्रियाचं आठवणं मात्र एका दिव्यापासून सुरू व्हायचं. वर मोठा गोल दिवा, त्यात आणखी लहान गोल दिवे. तोंडावर काळं रबर, सायकलच्या ट्यूबचा वास. कुणीतरी म्हणतंय, बाळ, दहापर्यंत मोज बरं. आणि कुणीतरी मोजतंय. एक. दोद. तीद. मग मधे काहीच नाही, अंधारसुद्धा नाही. मग घशात निखारे, उशीवर सांडलेली गुलाबी लाळ, आणि ती मनातल्या मनात म्हणतेय: चार. ही गोष्ट ती लोकांना हसत हसत सांगायची, भाषणात सुद्धा एकदा घातली होती, टाळ्या पडल्या होत्या. आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की तीनपर्यंत एका आवाजात मोजलं गेलं आणि चार दुसऱ्याच आवाजात. एक ते तीन कुणी मोजलं होतं? मोजणारी कुठं गेली? शिरोलीच्या नाक्यावर बस थांबली, तेव्हा तिनं खिडकीच्या काचेवर तोंड नेऊन हळूच म्हणून बघितलं, "दोद". काचेवर वाफ आली. आवाज नक्कल केल्यासारखा आला. वाईट नक्कल.

घरात आईची मशीन चालू होती. मीनाबाई शाळांचे गणवेश शिवायच्या, खाकी आणि पांढऱ्या कापडांचे ढीग, त्यातूनच वाट. चषक बघून त्यांनी पाय न थांबवता "अगंबाई!" केलं, हसल्या, "ठेव तिकडं, बुद्धाच्या फोटोपाशी" म्हणाल्या. पप्पांना दाखवू का, असं तोंडावर आलेलं संघप्रियानं गिळलं. पप्पा भाऊसो एसटीत कंडक्टर, ड्यूटी संपवून सहाला येणार. गेल्या वर्षभरात तिची अकरा भाषणं झाली होती. आई सातांना आली होती. पप्पा एकालाही आले नव्हते. ड्यूटी असायची. रविवारी पण असायची. चौदा एप्रिलला आपल्याच गल्लीत, घरापासून वीस पावलांवर मांडव होता, तेव्हा कुणाची तरी ड्यूटी बदलून घेतली होती त्यांनी. तिला आत्ता ते आठवलं, आणि पिराजीचा आवाज आला: हीच ती, म्हणतोय.

आतल्या खोलीत दीप्ती दुपारची झोपली होती. उताणी, तोंड उघडं, हनुवटी वर, गळ्याच्या दोन बाजू फुगलेल्या. श्वास आत जाताना करवत चालल्यासारखा आवाज व्हायचा, चादरीवरून बरगड्यांच्या मधली जागा आत ओढली जायची. आणि मग तो थांबायचा. नुसता थांबायचा. छाती उचलायची, पण वारा कुठंच जात नसायचा. संघप्रिया उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं रोजच्यासारखं मोजायला घेतलं. एक, दोन, तीन, चार. मशीन चालू होती. पाच, सहा, सात. नळ ठिबकत होता. आठ. नऊ. दहा. दीप्तीच्या ओठांची कड जांभळट दिसायला लागली की उजेडच तसा होता? अकरा. मग पाण्याखालून कुणी डोकं वर काढावं तशी घुर्रकन ती उसळली, कुशीवर वळली, आणि करवत परत सुरू झाली. महिन्यापूर्वी नऊला उसळायची. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड तोंडात टाकून बघितलं होतं, आई आणि संघप्रिया दोघींना दाखवलं होतं: लाल भडक दोन सुपाऱ्या, मधे जवळजवळ फटच नाही, आणि नाकाच्या मागं असंच आणखी मांस वाढलेलं. म्हणून जाड बोलते. म्हणून कानात पाणी साचतं आणि वर्गात नाव घेतलेलं तिला ऐकू जात नाही. बाईंनी तिला मागच्या रांगेत नेऊन बसवलं होतं, हुशार पोरं पुढं. मधल्या सुट्टीत तिला सगळे 'बला' म्हणूनच हाक मारायचे. आपरेशनची तारीख दोनदा मिळाली होती आणि दोनदा पप्पांनी जाऊन परत केली होती. "मोठी झाली की आपोआप बसतंय ते. वाट बघू." तिसरी तारीख येत्या सोमवारची होती. कागद फडताळात, हळदीच्या डब्याखाली. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं.

"आई," संघप्रिया म्हणाली, "मी बारकी असताना लाल फ्रॉकची टेप केलती काय? वडगावला?"

मशीनचं चाक आणखी एक वेढा फिरलं आणि मीनाबाईंनी त्यावर तळहात ठेवला. खोलीत एवढी शांतता झाली की आतली करवत मोठी वाटायला लागली.

"कुणी सांगितलं तुला?"

"पिराजीनं. म्हणजे केलती."

"दिलदारभाईंचं फ्रॉक शिवत हुतो मी तवा," आई म्हणाली. खाली बघून, हातात दोरा नसतानाही सुई ओवल्यासारखं करत. "गठ्ठा पोचवायला गेलं की तू संगं. त्यांना तुझं बोलणं लई आवडायचं. सगळ्यांनाच आवडायचं. तुझ्या पप्पांच्या गाडीत बसलीस की पाशिंजर मागं वळून वळून बघायचं, म्हणायचं, कंडक्टर, पोरीला बोलू द्या. त्यांना केवढं कौतुक. संध्याकाळी वंदना म्हणायची तर तुझा एक बी शब्द धड नसायचा आणि ह्यांना तुझंच पायजे. मग तुला ताप यायला लागलं, महिन्यातनं दोन दोन येळा, घसा भरायचा. डॉक्टर म्हणाले, काढा. काढलं." तिनं मांडीवरचं कापड सारखं केलं. "सातव्या दिवशी रगात आलं तुझ्या तोंडातनं. खपली सुटली. टोपलं भरून कपडं भिजली. रिक्षातनं तसंच पळवलं. त्येनंतर तू बोलीनास. चार आठवडं. डॉक्टर म्हणायचं, बोलंल, भ्याली हाय ती. पाणी गिळलं तर नाकातनं यायचं. तू बोटानं दाखवायचीस सगळं."

"मग?"

"मग एक दिवस मी इथंच बसलोतो, हे दारात चपला काढत हुते, आणि आतनं आवाज आला, 'पाणी'. बारीक. नाकातनं वारा गेल्यागत." आईनं वर बघितलं. "तर हे म्हणाले, कोण आलंय गं घरात?"

संघप्रियानं चपला काढायच्या त्या दाराकडं बघितलं.

"मी म्हटलं, कोण म्हणजे? आपली संघू. तर ते आत गेलं आन् तुझ्याकडं बघत ऱ्हायलं. लई येळ. डॉक्टरनं समजावलं की त्यांना. घशाच्या तारा हायत त्या हाईत तशाच हायत म्हणे, त्याला कोण हात लावत न्हाय. खोलीतलं सामान काढलं की बोललेलं येगळं घुमतं, तसं. थोडं दिवस नाकातनं निसटंल, मग बसंल. आन् बसलंच की. पर तवर..."

"वडगावला नेलतं मला. परत."

"दिलदारभाईंनीच बोलावलतं. यांना वाटलं, तितं जाऊन स्टुलावर हुबी ऱ्हायली की येईल. तितं ठिवला असंल आवाज, असं काय तरी त्यांच्या डोक्यात. आलं ते खाली मान घालून. मला म्हणाले, त्यांचं काम सोड. मी सोडलं." आईनं खाकी कापड झटकलं. "तवापास्नं आपुन गणवेश शिवतो."

पुढचं संघप्रियानं विचारलं नाही. ती कॅसेट घरातच असणार हे तिला माहीतच होतं, कसं ते माहीत नाही. स्टुलावर चढून तिनं पप्पांची पत्र्याची पेटी काढली, जिच्यात जुने तिकिटांचे पंच आणि बिल्ले होते, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेली कॅसेट हाताला लागली. वर काही लिहिलेलं नव्हतं. रुमाल धुतलेला होता. नऊ वर्षांचा नव्हता तो, चालू वर्षीचा होता, दिवाळीला तिनंच पप्पांना दिलेला निळ्या काठाचा. म्हणजे पेटी उघडली जात होती. कधी? ती शाळेत असताना? अकरा भाषणं चालू असताना? तिनं टेपरेकॉर्डर खाटेवर ठेवला. आई "नको गं" म्हणाली, पण उठली नाही.

घरातल्या छोट्या स्पीकरमधून ती आणखी जवळ आली. कर्ण्यातली पोरगी लांबची होती, ही अगदी खाटेच्या काठावर बसलेली. वाक्याआधी तिनं श्वास घेतलेला ऐकू येत होता, तोंडानं, सुर्रकन. मागं एक पुरुष खोकला आणि पप्पांचा तरुण आवाज म्हणाला, "बोल बाळ." "आई, बला दवीद फ्रॉक घे की!" संघप्रिया ऐकत होती आणि वाट बघत होती, की आत कुठंतरी काहीतरी हलेल, म्हणेल, हो, ही मी. काही हललं नाही. अनोळखी पोर बोलत होतं. भिंतीवर तिचा त्या वयातला फोटो होता, लाल फ्रॉकातला, तोंड उघडं टाकलेला. आत्तापर्यंत तिला वाटायचं की फोटोतली मी काहीतरी बोलणार होते. आता वाटलं, ती नुसती श्वास घेत होती. तिला श्वास पुरत नव्हता. आणि एवढं गोड बोलते म्हणून सगळे वळून बघत होते.

"बी कधी बोलले हे?"

दीप्ती दारात उभी होती, डोळे चोळत, गालावर चादरीच्या रेघा. ती टेपजवळ आली आणि दोन्ही हात खाटेवर टेकून स्पीकरला कान लावून ऐकायला लागली. "ही बी हाय," ती म्हणाली. ही मी आहे. "ताई, बी आत हाय."

"ती तू नव्हेस गं. जुनं आहे ते."

"बीच हाय." मग टेप परत म्हणाली, "लाल फ्रॉक!" आणि दीप्तीनं तिला उत्तर दिलं, मैत्रिणीला द्यावं तसं, "बाझ्याकडं पद दाही लाल." टेप म्हणाली, "बागच्या दिवाळीला पद घेतला दाहीस!" "बला पद दाही घेतला," दीप्ती म्हणाली, आणि दोघी एकदम थांबल्या. एकदम, एकाच ठिकाणी, श्वासासाठी. दोन्ही तोंडांनी सुर्रकन वारा ओढला. संघप्रियानं बटण दाबलं. खटकन आवाज झाला, तरी क्षणभर तिला वाटलं की एकच थांबली आणि दुसरी चालू आहे, आणि कुठली थांबली ते तिला सांगता येईना. तिनं दीप्तीला ओढून पोटाशी धरलं, इतकं घट्ट की पोरगी "ताई, दुखतंय" म्हणाली. दुखतंय. त्यात 'म' नव्हता, 'न' नव्हता. तेवढा एक शब्द स्वच्छ आला होता.

सहा वाजता भाऊसो आले. दारात चपला काढल्या, टोपी खुंटीला, आणि खिशातून सेलोफेन लावलेली कोरी कॅसेट काढून खाटेवर ठेवली. टेपरेकॉर्डर आधीच खाटेवर, शेजारी रुमाल. त्यांनी रुमालाकडं बघितलं, मग चषकाकडं, मग संघप्रियाकडं बघायला लागले आणि अर्ध्यात थांबले. तिच्या लक्षात आलं, पप्पा नेहमी असंच बघतात, हनुवटीपर्यंत.

"वडगावला गेलती ती," आई म्हणाली. "पिराजी भेटला."

"आसं." ते खाटेवर बसले. कॅसेटचं सेलोफेन नखानं सोलायला लागले. "सोमवारची तारीख हाय न्हवं दीप्तीची. तर म्हटलं, करू. आता किती दिवस थांबवायचं. पर त्येच्या आधी हिचा टेप करून ठिवू म्हटलं. साठ मिनिटांची आणलीया." दीप्तीला त्यांनी मांडीवर घेतलं. कोरी कॅसेट आत बसवली, तांबडं बटण आणि शेजारचं, दोन्ही एकदम खाली दाबली. सगळं तसंच, सावकाश, सवयीच्या हातानं, आजारी माणसाच्या अंथरुणाची घडी घालावी तसं. "बोल बाळ," ते म्हणाले.

तोच आवाज. बोल बाळ. दीप्ती लाजली आणि तिनं त्यांच्या शर्टात तोंड खुपसलं.

"आणि टेप झाल्यावर सोमवारी सकाळी तुमची ड्यूटी निघाली तर?" संघप्रियानं विचारलं.

चाकं फिरत होती, कोरी रिबन एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात होती आणि खोलीतली शांतता तिच्यावर चढत होती. मग ते म्हणाले, कुणालाच न म्हटल्यासारखं, "तू माझी हायसच की. कोण न्हाय म्हणतंय? शिकतीस, बोलतीस, लोक सांगत्यात मला गाडीत येऊन, कंडक्टर, तुमची पोरगी भारी बोलती. पर ती बी माझी हुती. तिला आमी दारापतूर पोचवली आन् ती आतनं आलीच न्हाय. कुणाला सांगायचं हे? रडायला बी येत न्हाय, पोरगी तर म्होरं बसून भात खातीया." त्यांनी दीप्तीच्या केसातून हात फिरवला. "आता ही बी जायची."

संघप्रियाच्या घशात, त्या गार मोकळ्या जागेत, काहीतरी आलं. रडू असेल. तिला वाटलं, पिराजीचं खरं असेल. असेल मी दुसरी. तीनपर्यंत ती मोजत होती आणि चारला मी आले, रिकामी जागा बघून, आणि नऊ वर्षं तिच्या भावल्या, तिची आई, तिचे पप्पा घेऊन बसले. असेल. पण ती दिव्याखाली दोद म्हणून थांबली नव्हती, तिनं तीद पण म्हटलं होतं, घाबरत घाबरत, रबराच्या वासात, दहापर्यंत जायचं म्हणून. आणि पुढचं कुणालातरी म्हणावंच लागणार होतं. दीप्तीनं शर्टातून तोंड बाहेर काढलं होतं, ओठ उघडे, गळा फुगलेला. ती ताईकडं बघत होती. तिच्या छातीत करवत चालली होती. मांडीवर बसल्या बसल्या पोरगी पेंगायला लागली, मान मागं गेली, आणि श्वास थांबला. एक, दोन, तीन. भाऊसो टेपकडं बघत होते. आई त्यांच्याकडं बघत होती. सात. आठ. मोजणारी घरात एकटी संघप्रियाच होती. अकरा. बारा. दीप्ती उसळली.

संघप्रिया उठली. टेपरेकॉर्डर तिनं स्वतःकडं वळवला. तांबडं बटण खालीच होतं, चाकं फिरत होती, तिनं ते बघितलं आणि बंद केलं नाही. सभागृहात उभी राहते तशी ती उभी राहिली, टाचा जुळवून, आणि पहिल्यांदाच पप्पांच्या डोळ्यांत डोळे घालून, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली:

"मी संघप्रिया भाऊसो कुरणे. मी मेलेली नाही. आई, पप्पा, ऐका. सोमवारी दीप्तीचं आपरेशन होणार. तारीख परत जाणार नाही. तुम्ही आला तरी, न्हाय आला तरी, मी तिला घेऊन जाणार, आणि डॉक्टर मोज म्हणाले की दाराबाहेर उभी राहून तिच्यासंगं मोठ्यांदा मोजणार, दहापर्यंत, तिला आतनं ऐकू येईल असं. तिचा आत्ताचा आवाज टेप करायचा नाही. ही कॅसेट सोमवारी मी बरोबर नेणार. शुद्धीवर आल्यावर ती जे पहिलं म्हणेल, ते माझ्या ह्या बोलण्याच्या पुढं टेप करायचं. आणि पप्पा, त्या वेळी तिथं तुम्ही बसायचं. कोण आलंय, असं विचारायचं नाही."